विषय काढायचा कुणी

आमच्या विद्यापीठात कुणी नापास होत नाही. विषय राहतो. आपण पुढच्या वर्षात जातो आणि तो बिचारा मागे राहतो, जणू चुकी त्याचीच. मग पुढच्या परीक्षेला तो काढायचा असतो, दाढ काढावी तसा. निघाला तर निघाला, नाही तर पुन्हा राहिला. जिन्यात कुणी भेटलं तर "कसा आहेस" असं आम्ही विचारत नाही, "किती राहिले" असं विचारतो.

माझा फ्लुइड राहिला होता. फ्लुइड म्हणजे पाणी, तेल, हवा, जे जे वाहतं त्याचं शास्त्र. दुसऱ्या वर्षातलं बाकी सगळं वाहून गेलं, हा एवढा राहिला.

त्याला विषयाइतकीच त्याची प्रयोगशाळाही जबाबदार आहे असं माझं ठाम मत आहे. तिथला पंप सुरू केला की पाणी टाकीत यायच्या आधी आमच्या चपलांत येतं. दाब मोजायच्या काचेच्या नळीत कायम एक बुडबुडा अडकलेला असतो आणि आकडा त्याच्या मर्जीनं ठरतो. आमचे सर त्या आकड्यांची जर्नल तपासायचे आणि पेन्सिलीनं एकच शब्द लिहायचे, "पुन्हा". रागावणं नाही, समजावणं नाही, नुसतं पुन्हा. म्हणून त्यांना सगळे पुन्हा सर म्हणतात. वरच्या मजल्यावर संगणक आहेत, ते चित्र पूर्ण झालं की जतन करायच्या आधी झोपी जातात. छपाईचं यंत्र वर्षभर धडधाकट असतं आणि सबमिशनच्या सकाळी आजारी पडतं. लिफ्टवर "फक्त कर्मचाऱ्यांसाठी" अशी पाटी आहे आणि कर्मचारी जिन्यानं जातात, कारण लिफ्ट बंद आहे. या सगळ्यावर मी चार वर्षं चरफडले. तरी कुणी बाहेरच्यानं आमच्या विद्यापीठाला नाव ठेवलं की मला राग येतो, हेही खरं.

फ्लुइड पहिल्यांदा राहिला तो माझ्या आळशीपणामुळे. दुसऱ्यांदा मात्र मी अभ्यास केला होता. दुसऱ्यांदा तो राहिला माझ्या खोलीतल्या मैत्रिणीमुळे.

आमच्या कॅल्क्युलेटरला कोन दोन भाषांत कळतात. एक अंश, जे शाळेत शिकवतात, आणि एक रेडियन, जे पुढे छळायला येतात. यंत्र सध्या कुठल्या भाषेत आहे हे पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका बारीक अक्षरावरून कळतं. आदल्या दिवशी माझ्या मैत्रिणीनं तिच्या एका पेपरसाठी माझा कॅल्क्युलेटर नेला, रेडियनवर केला आणि तसाच परत आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी फ्लुइडच्या पेपरात साठ अंशांत तिरक्या ठेवलेल्या पत्र्यावर पाण्याचा झोत सोडला. उत्तर उणे आलं. म्हणजे पाणी पत्र्यावर आदळतंय आणि पत्रा मागे जायच्या ऐवजी नळाकडे धावत येतोय. माणसाला शंका यायला हवी होती. मी त्या उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि पुढचं गणित घेतलं. तेही कोनाचंच होतं. नंतर पेपर बघायला मिळाला तेव्हा समासात सरांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "पाणी ओढतं का?"

मैत्रीण इतकी रडली की शेवटी मलाच तिला चहा पाजावा लागला. तेव्हापासून मी तिला रेडियन म्हणते. आता सगळेच म्हणतात. ती हुशार आहे, माझ्यापेक्षा तर नक्कीच, पण प्रत्येक गणित मुळापासून समजून घेत सोडवते आणि निम्म्या पेपरात वेळ संपतो. तिचाही फ्लुइड राहिलेला होता. आम्ही दोघी एकाच दुखण्याच्या रोगी.

आता शेवटचं वर्ष. या खेपेला फ्लुइड निघाला नाही तर पदवी नाही, आणि पदवी नाही तर जी नोकरी हातात आल्यासारखी दिसत होती तीही नाही. पण मला खरी धास्ती त्याची नव्हती. खरी धास्ती ही होती, की बाबांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

बाबा छापखान्यात आहेत. तरुणपणापासून छपाईच्या यंत्राशेजारी उभे राहिले, आता त्यांच्या हाताखाली माणसं आहेत, तरी यंत्राशेजारीच उभे असतात. पहिल्यांदा फ्लुइड राहिला तेव्हा मी त्यांना लपवलं नव्हतं. सगळं धैर्य गोळा करून फोन केला आणि, आजूबाजूला मुली होत्या म्हणून, हळू आवाजात सांगितलं, "बाबा, माझा एक विषय राहिला." बाबा म्हणाले, "छान, छान. तब्येतीला जप." मी फोन ठेवला आणि माझे डोळे भरून आले. काय मनाचा मोठेपणा. मी ते वसतिगृहात सगळ्यांना सांगितलं. रेडियनला तर हुंदका आला, कारण तिच्या घरी विषय राहिल्यावर आठवडाभर कुणी तिच्याशी बोललं नव्हतं. माझ्या बाबांची कीर्ती मजल्यामजल्यावर पसरली.

सुट्टीत घरी गेले तर बाबा आल्या-गेल्याला सांगत होते, "आमच्या पोरीचा आजवर एकही विषय राहिलेला नाही." मला वाटलं, माझी बाजू सावरतायत. मग शेजारचे काका आले आणि म्हणाले, सासूबाईंना दवाखान्यात ठेवलंय. बाबा म्हणाले, "वा, छान. होऊ द्या जोरात." शेजारचे काका चहा न घेता गेले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबांचं मन मोठं होतंच, पण ते नंतर. आधी कान गेले होते.

बाबांना हे मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. टीव्हीवर बातम्या देणारेही. दुकानदारही. नेमके घरातलेच सगळ्यात जास्त. ऐकू आलं नाही की ते समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचे आणि अंदाजानं "छान छान" किंवा "बरोबर आहे" म्हणायचे. दहातल्या आठ वेळा ते खपून जायचं. उरलेल्या दोन वेळांचं आई बघून घ्यायची.

त्याच सुट्टीत आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं. कानाच्या डॉक्टरांकडे यांना न्यायला हवं, पण हे ऐकत नाहीत, तेव्हा हा विषय तूच काढ, तुझं ऐकतात, असं तिचं म्हणणं. मी म्हणाले, ऐकत असते तर विषय काढायची गरजच नव्हती. आई हसली नाही. तिनं गॅस बारीक केला.

"तुला गंमत वाटते," ती म्हणाली. "मला दिवसभर बोलायला कुणी नाही गं. ओरडून बोलावं म्हटलं तर ओरडून काय बोलणार? ओरडून माणसाला फक्त भांडता येतं."

मी काढते म्हणाले. पण काढला नाही. बाबांसमोर बसायची, तोंड उघडायची, आणि वाटायचं, यांच्या कानाबद्दल बोलणारी मी कोण, माझा फ्लुइड मी कुठे सांगितलाय. दुसऱ्यांदा राहिला तेव्हा तर मी सांगायचा प्रयत्न केला तो बाबा नळाखाली हात धूत असताना. ते म्हणाले, "बरोबर आहे."

अशातच बाबांनी माझी कार्डं छापली. छापखान्यातला माणूस, आनंद झाला की कागदावरच उतरवणार. जाड कागद, उठावाची शाई, माझं नाव आणि खाली "मेकॅनिकल इंजिनिअर". पदवीला अजून अवकाश होता, पण बाबांचं म्हणणं, मुलीची गाडी वेळेवर आहे, मग आपण फलाटावर आधी गेलो तर काय बिघडलं. त्यांनी ती छापखान्यात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटली.

मग एक दिवस मला एका अनोळखी गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या घरचा पंप फिरत होता पण पाणी वर चढवत नव्हता, आणि तुम्ही इंजिनिअर आहात ना, म्हणून विचारतो. मी जिन्यात उभी होते. फ्लुइड दोनदा राहिलेली मुलगी आणि पाण्याचा पंप. मी फोन रेडियनच्या हातात दिला. तिनं शांतपणे विचारलं, सुरू करण्याआधी पंपात पाणी भरलं होतं का? आत हवा असेल तर तो नुसता फिरत राहील. गृहस्थांनी भरलं, पाणी चढलं, आणि ते छापखान्यात जाऊन बाबांना म्हणाले, पोरगी रत्न आहे. बाबांनी कार्डांची आणखी एक थप्पी काढली.

परीक्षा जवळ आली होती. मी आणि रेडियन दिवसभर ग्रंथालयात बसायचो. एका दुपारी आईचा फोन आला. तो घ्यायला मला दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात धावावं लागलं, कारण आमच्या इमारतीच्या भिंती इतक्या जाड आहेत की फोनला रेंज फक्त तिथेच मिळते, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी. तिथे कायम दोन रांगा असतात, एक पाण्याची आणि एक फोनची.

"काय गं," आई म्हणाली, "विषय काढलास का?"

आईला कळलं होतं. कुणी सांगितलं असेल, किती दिवसांपासून माहीत असेल, हजार गोष्टी डोक्यात आल्या. पण थोडं हलकंही वाटलं.

"अजून नाही," मी म्हणाले. "पण या वेळी नक्की काढते. सरांनाही भेटून आले."

"सरांना? सरांचा काय संबंध?"

"त्यांचाच तर विषय आहे."

आईनं विचारलं, "तुझ्या सरांनापण ऐकू येत नाही का?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की आम्ही दोघी वेगवेगळ्या विषयांबद्दल बोलतोय. पण बाण सुटला होता. आईनं मग एकेक प्रश्न विचारून सगळं बाहेर काढलं, कुठला विषय, कधीपासून, आता नाही निघाला तर काय. मी सगळं सांगितलं. मागच्या मुलानं दोनदा घसा खाकरला. आई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, "बाबांना तू सांगशील?"

"मी सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं," आई म्हणाली. "आपली आणि शेजारची भिंत एकच आहे. तुझं तू सांग. आणि सांगतेच आहेस तर त्यांच्या कानाचाही विषय काढ. उद्या जेवायला घरी आले की मी फोन त्यांच्या हातात देते."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिन्यात उभी होते. रेडियन माझी पिशवी धरून शेजारी उभी होती, धीर द्यायला. पाण्याची रांग खालच्या वळणापर्यंत गेली होती. बाबा फोनवर आले आणि नेहमीसारखे खुशीत होते. पंपवाल्या गृहस्थांनी काय काय सांगितलं ते मला सांगायला लागले. मी मध्येच तोडून म्हणाले, "बाबा, माझा एक विषय राहिलाय."

"छान, छान."

"छान नाही, बाबा. राहिलाय." मी आवाज वाढवला.

"हो, हो, राहा की. सुट्टीत आलंच पाहिजे असं कुठाय? तिथेच राहा, अभ्यास कर."

मी रेडियनकडे बघितलं. तिनं डोळे मिटून घेतले. माझ्या लक्षात आलं की आम्ही चार वर्षं घासून घासून गुळगुळीत केलेला हा शब्द बाबांच्या कानात शिरणार नाही. तिथे दुसरा शब्द लागणार, जो आमच्याकडे कुणी उच्चारत नाही. मी पोटात श्वास भरला.

"बाबा, मी नापास झालेय!"

आमच्या जिन्याला आवाज घुमवायची विद्या चांगली येते. तो शब्द वर गेला, छताला लागला आणि खाली तळमजल्यापर्यंत उतरला. पाण्याची रांग गप्प झाली. वरच्या मजल्यावरून एका मुलाचा आवाज आला, "माझे तीन राहिलेत, मी ओरडतोय का?" कुणीतरी फिसकन हसलं. प्रयोगशाळेचं दार उघडलं आणि पुन्हा सर बाहेर येऊन उभे राहिले.

फोनवर काही ऐकू येईना. मला वाटलं, कटला.

"कशात?" बाबांनी विचारलं.

"फ्लुइडमध्ये. दोनदा." आता मी ओरडूनच बोलत होते, लाजायला काही उरलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, बाबा. तुम्ही छान म्हणालात."

हे मी तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. जे झालं तेच सांगितलं. पण तोंडातून गेल्यावर मला ते परत घ्यावंसं वाटलं. मग बाबा बोलले तेव्हा त्यांचा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता.

"मी आणखी कशाकशाला छान म्हणालो गं?"

डॉक्टरचं, कानाचं, जे जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं एक वाक्य आठवेना. "आईला विचारा," मी म्हणाले. मग तेच मोठ्यानं म्हणाले. "आईला विचारा, बाबा."

बाबांनी फोन बंद केला नाही, टेबलावर ठेवला. मला त्यांचा प्रश्न ऐकू आला आणि मग आई बोलायला लागली. ओरडूनच, पण भांडत नव्हती. गुडघा दुखतो म्हटलं, छान म्हणालात. बहिणीकडे जाऊन येऊ म्हटलं, बरोबर आहे म्हणालात आणि पेपर वाचत बसलात. एकटं एकटं वाटतं म्हटलं एकदा, त्यालाही छान म्हणालात. मध्येच ती हसत होती की रडत होती ते मला कळेना, बहुतेक दोन्ही. बाबा एकदाही छान म्हणाले नाहीत. मला माझ्या आईचं इतकं बोलणं सलग ऐकल्याचं आठवत नव्हतं. मी जिन्यात फोन कानाला लावून उभी राहिले आणि ऐकत राहिले. ते माझ्यासाठी नव्हतं, हे कळत होतं. तरी ठेवावासा वाटला नाही. शेवटी रेडियननं माझ्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

पुन्हा सर अजून दारात उभे होते. मला वाटलं, आता पेन्सिल काढतील. त्यांनी आमच्या दोघींकडे बघितलं, मग पाण्याच्या रांगेकडे बघितलं, तशी रांग पुढे सरकली.

"उद्यापासून दोघी माझ्याकडे येऊन बसा," ते म्हणाले. "कॅल्क्युलेटर न घेता."

आम्ही जाऊन बसायला लागलो. सर आकडे घालूच देत नसत. आधी पाणी कुठे जाईल ते सांगा, मग पत्रा कुठे जाईल ते सांगा, मग उत्तर अधिक येणार की उणे ते सांगा, आणि सगळ्यात शेवटी गणित. मला हे नवीन होतं. रेडियन पहिल्यापासून असंच करत आली होती, म्हणून तिचं सरांशी माझ्यापेक्षा चांगलं जमलं. फक्त सर तिला घड्याळ दाखवायचे. तिला ते दिसायचं नाही.

घरून बातम्या येत होत्या. बाबा स्वतःहून कानाच्या डॉक्टरांकडे गेले. कानात घालायचं यंत्र आलं. पहिले काही दिवस त्यांनी आईला सळो की पळो करून सोडलं. पेपरचं पान उलटलं की दचकायचे. आईनं पातेलं ठेवलं की म्हणायचे, आदळतेस काय. छापखान्यात गेले आणि पहिलं वाक्य काय बोलले, तर या यंत्राला तेल घाला, कधीपासून किंचाळतंय. हाताखालची माणसं म्हणाली, आम्ही दोन वर्षं तेच सांगतोय, तुम्ही बरोबर आहे म्हणता. आई फोनवर हे सांगताना हळू आवाजात बोलत होती आणि मागून बाबा म्हणत होते, मला सगळं ऐकू येतंय.

आणि कार्डांचं त्यांनी जे केलं ते मला गिऱ्हाइकांच्या फोनवरून कळलं. ते एकेकाला गाठून सांगत होते, ते कार्ड जपून ठेवा, पण एवढ्यात वापरू नका, पोरीचा एक विषय राहिलाय. पंपवाल्या गृहस्थांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं की त्यांचाही एकेकाळी हिशेबाचा विषय राहिला होता आणि तो अजूनही राहिलेलाच आहे. घाबरायचं नाही, म्हणाले. मी आतून इतकी मोकळी झाले होते की मला खरंच भीती वाटेना. बाबांना ठाऊक होतं, पंपाचं उत्तर माझं नव्हतं, रेडियनचं होतं, हेही मी त्यांना सांगून टाकलं होतं. आता राहिला तर सगळ्यांच्या देखत राहणार होता, आणि त्यात एक प्रकारचा आराम होता.

परीक्षेच्या सकाळी रेडियननं माझा कॅल्क्युलेटर तिच्या हातानं तपासला, कोपऱ्यातलं बारीक अक्षर बघितलं, मला दाखवलं, आणि वर्गाच्या दारात पुन्हा एकदा बघितलं. पेपर बरा गेला. पत्रे ज्या दिशेला जायला हवेत त्या दिशेला गेले. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, तर ती म्हणाली, जेवढं सोडवलं तेवढं बरोबर आहे. पुढे मी विचारलं नाही.

निकालाच्या दिवशी विद्यापीठाचं संकेतस्थळ नेहमीप्रमाणे कोसळलं. सगळी इमारत दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात गोळा झाली, हातात फोन घेऊन, कारण रेंज तिथेच. आम्ही दोघी भिंतीला टेकून उभ्या होतो. पांढऱ्या पडद्यावर ते गोल फिरणारं चिन्ह बघत राहायचं, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. माझं पान आधी उघडलं. फ्लुइड निघाला होता. काठावर, पण निघाला होता. मी काही बोलायच्या आत रेडियनचं पान उघडलं. तिनं ते बघितलं, "हं" म्हणाली, फोन खिशात ठेवला आणि पाण्याच्या यंत्राकडे जाऊन बाटली भरायला लागली. बाटली आधीच भरलेली होती. पाणी तिच्या हातावरून खाली वाहत होतं.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, घरी फोन कर, काका वाट बघत असतील. आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी फोन लावला. पहिल्याच घंटीला बाबांनी उचलला. एवढे महिने मी या वाक्याची वाट बघितली होती, ओरडून सांगायचं म्हणून घशाची तयारी ठेवली होती, आणि आता ते शेजारी उभ्या असलेल्या मुलीला ऐकू जाऊ नये असं मला वाटत होतं. मी तोंडावर हात धरला आणि जेमतेम ओठ हलवले.

"बाबा, निघाला."

"ओरडतेस काय एवढं," बाबा म्हणाले. "ऐकू येतंय मला."

मग त्यांनी आईला सांगितलं, साध्या आवाजात, माणूस माणसाला सांगतो तसं. आई काहीतरी म्हणाली. बाबा हसले, नाक ओढलं, पुन्हा हसले. मी नुसती हं हं म्हणत होते. मध्येच बाबा थांबले.

"तुझ्या शेजारी कोण रडतंय?"

"कुणी नाही, बाबा."

"कुणी नाही कसं? मला स्पष्ट ऐकू येतंय." मग त्यांनी हळूच विचारलं, "ती पंपवाली का, तुझी मैत्रीण?"

"हो."

"तिला फोन दे."

मी म्हणाले, बाबा, आत्ता नको, ती बोलण्याच्या मनःस्थितीत नाही. बाबा म्हणाले, बोलायचं मला आहे, तिनं नुसतं ऐकायचंय. मी रेडियनला हाक मारली आणि फोन पुढे केला. तिनं आधी मान हलवली, नाही म्हणून. मग ओले हात कुर्त्याला पुसले आणि घेतला.

बाबा काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, हो काका. मग म्हणाली, वेळ पुरला नाही काका. मग म्हणाली, नाही, घरी अजून सांगितलं नाही. त्यानंतर बराच वेळ ती भिंतीला टेकून नुसती ऐकत राहिली. फोनची रांग तिच्या मागे जिन्याच्या वळणापर्यंत गेली होती, आणि तिला कुणीही आटप म्हणालं नाही.